रजेवर असलेली बाई

१

मी फिरत्या लायब्ररीची गाडी चालवतो. पुस्तकं वाचत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं कुठंतरी वाचलेलं उतरवून काढलं. शाळा मी मिसरूड फुटायच्या आत सोडली. मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये लागलो, मग गव्हाचे ट्रक चालवले, आणि पाठ गेल्यावर ही गाडी. सकाळी पेट्या चढवायच्या, ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागातल्या धुळीच्या रस्त्यांवरून गावोगाव जायचं, सावली बघून थांबायचं, म्हाताऱ्या बायकांना नव्या खुनाच्या गोष्टी द्यायच्या, जुन्या खुनाच्या परत घ्यायच्या. जेवणवेळेला माघारी. पेट्या उतरवायच्या, चहा प्यायचा, आणि मागचं पटांगण ओलांडून नोलाकडे जायचं.

नोला माझी बायको. लायब्ररीच्या मागं गाड्या लावायचं पटांगण आहे, त्याच्या पलीकडं म्हाताऱ्यांचं घर. तिथं ती असते. त्याआधी तिनं सगळा जन्म याच लायब्ररीच्या काउंटरमागं काढला. डोकं हळूहळू गेलं तिचं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग मी. आता ती खाटेवर पडून असते आणि दोन्ही हातांनी पांघरुणाची कड चाचपत राहते. दिवसभर. काहीतरी हरवलंय आणि इथंच कुठंतरी आहे, असं. मी शेजारी बसतो. ती ओळखत नाही, पण मी बसलेला तिला चालतो. एवढ्यावर आमचा संसार चालला होता आणि माझी तक्रार नव्हती.

२

मग शहरातल्या मुख्य ऑफिसनं ठरवलं की लायब्ररीतल्या सगळ्यांनी इंटरनेटवरच्या नव्या गोष्टी शिकायच्या. दर आठवड्याला एक नवी गोष्ट. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी आमची शाखा लोकांना बंद असते, तेव्हा.

"मला कशाला?" मी ग्लेनिसला म्हणालो. ग्लेनिस आमच्या शाखेची मुख्य. नोलानंच तिला काम शिकवलेलं. "मी ड्रायव्हर आहे."

"पगार लायब्ररीचा घेतोस ना? मग बस."

"गाडीत पोरं येतात लोलो," लिगाया म्हणाली. "ती विचारतात, गेम आहेत का. आणि तुम्ही त्यांच्या हातात विणकामाचं पुस्तक देता."

लिगाया फिलिपिन्सची. इथल्या एका गव्हाच्या शेतकऱ्याशी लग्न करून आली, आता त्या शेतकऱ्याला तीच चालवते आणि उरलेल्या वेळात लायब्ररी. लोलो म्हणजे तिच्या भाषेत आजोबा.

"मी तुझा आजोबा नाही."

"माझा आजोबा असता तर एव्हाना शिकला असता. तो हसतमुख होता."

पहिल्यांदा ब्लॉग आला. ब्लॉग म्हणजे लोकांसाठी उघडी ठेवलेली डायरी. मी लिहिलं, 'गाडीचा पट्टा तुटला. ऊन फार.' त्याखाली शहरातून कुणीतरी लिहिलं, 'वा, किती छान अनुभव.' मी पुन्हा काही लिहिलं नाही.

मग आले ऑनलाइन गेम. त्यात एक असा होता की त्यात खेळायचंच काही नव्हतं. एक बेट होतं, शिकवणी संपेपर्यंत दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी शहरातून उघडायचं. त्यावर प्रत्येक शाखेनं आपली लायब्ररी बांधायची, आपल्या बाहुल्या आत न्यायच्या, आणि तिथं लोकांना पुस्तकं दाखवायची. मुख्य ऑफिसनं सगळ्या कर्मचाऱ्यांना एकेक बाहुली पाठवली होती. आपापलं नाव टाकून उघडायची, तोंड, केस, कपडे हवे तसे करायचे. मी माझ्या बाहुल्याला हात लावला नाही. आला तसा ठेवला. पिवळ्या केसांचा, दात दाखवणारा, सुटातला एक गडी. विमा विकायला आल्यासारखा.

"जरा पोट तरी लावा त्याला," लिगाया म्हणाली.

"त्याचं त्याला खाऊ दे."

ग्लेनिसनं मात्र जीव ओतला. फोटो बघून बघून आमची शाखा तिथं उभी केली. बाहेरची सायकली लावायची गंजलेली चौकट, दारातली ठेच लागणारी पायरी, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचं कपाट. बरं जमवलं होतं बाईनं. मला उगाच कसंतरी झालं.

३

फेब्रुवारी होता. बाहेर तापलेल्या पत्र्यासारखं आभाळ, वर छतावरचा कूलर घरघरतोय. ग्लेनिसनं आपली बाहुली दारातून आत नेली आणि थांबली.

"लिगाया, तू आत आहेस का?"

"मी इथं आहे, बिस्किट खातेय."

"काउंटरमागं कोणीतरी आहे."

मी खुर्ची सरकवून बघितलं. काउंटरमागं पाठमोरी एक बाहुली उभी होती. केस नाहीत, कपडे नाहीत, करडी, ओल्या मातीची असावी तशी. ज्या बाहुलीला अजून कुणी उघडलं नाही ती तशी दिसते, असं लिगाया म्हणाली. न उघडलेली बाहुली हलत मात्र नाही, असंही म्हणाली.

ही हलत होती. पुस्तक उचलायची. दोन्ही पुठ्ठे धरून उलटं करायची. झटकायची. मग पुस्तकाची पाठ दोनदा काउंटरवर ठोकायची आणि बाजूला ठेवायची. मग पुढचं.

कॉम्प्युटरच्या शेजारच्या डबीतून आवाज येत होता. टक टक. मग थोडं थांबून, टक टक.

लोक पुस्तकात काय काय विसरतात. तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, मेलेल्या माणसांचे फोटो, एकदा डुकराच्या मांसाची तळलेली पट्टी. म्हणून परत आलेलं प्रत्येक पुस्तक नोला असं झटकायची आणि ठोकायची. बाकीचे झटकतात. ठोकायची फक्त ती. घरी ती पावसुद्धा तसाच ठोकून पिशवीतून काढायची.

मला राग आला. "ही काय मस्करी आहे, ग्लेनिस?"

तिनं माउस सोडून हात मांडीवर घेतले होते.

"तुला विचारतोय मी."

"मी नाही केलं, क्लॅरी." ती स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, "पण तिचं नाव अजून आपल्याकडं आहे."

"कुणाचं?"

"नोलाचं. तिनं काम सोडलं तेव्हा मशीन विचारतं ना, कर्मचारी सोडून गेला की रजेवर आहे. मी रजेवर लिहिलं. फाटकं पुस्तक काढून टाकताना मला काही वाटत नाही, रोज काढते. पण तिचं नाव काढायला बसले आणि बोट गेलं नाही. मग राहिलं ते तसंच. मुख्य ऑफिसनं जेवढी नावं तेवढ्या बाहुल्या पाठवल्या."

टक टक, डबी म्हणाली.

४

मी काही देवभोळा माणूस नाही. चर्चमध्ये लग्नाला गेलो, त्यानंतर दुसऱ्यांच्या अंत्यविधीला. म्हणून मी आधी सरळ कारण शोधलं. शहरातला कुणीतरी रिकामटेकडा असेल. ग्लेनिसनं मुख्य ऑफिसला फोन लावला आणि तिथून आम्हाला शिकवणाऱ्या पोरीला विचारलं, या नावाची बाहुली कोण चालवतंय?

पोरगी म्हणाली, कोणी नाही. ती उघडलेलीच नाही. पहिला पासवर्डसुद्धा कुणी टाकलेला नाही. मग ती म्हणाली, कधी कधी असं होतं, मशीन अडखळतं.

"मशीन अडखळलं तर पुस्तकं झटकतं का?" मी मागून विचारलं.

ग्लेनिसनं फोन ठेवला.

लिगाया तेवढ्या वेळात हावभावांची यादी बघत होती. त्या बाहुल्यांना ठराविकच येतं. बसणं, चालणं, उडणं, हात हलवणं, नाचणं. नाचायचे तर ढीगभर प्रकार.

"झटकणं नाहीये लोलो. ठोकणंही नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितलं." ती उठून माझ्या खांद्यापाशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही आता तिकडं जा. त्यांच्याकडं."

५

मी पटांगण ओलांडलं. डांबर बुटाला चिकटत होतं.

नोलाच्या खोलीत शिरलो आणि आधी कळेना काय चुकलंय. खाट तीच, पांघरूण तेच, खिडकीतून लायब्ररीची मागची भिंत दिसते ती तीच. मग कळलं. हात. तिचे हात पांघरुणावर उताणे पडले होते आणि हलत नव्हते. डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली. पापणी हलली नाही. छाती खालीवर होत होती, पण फार सावकाश.

नर्स पॉलाला बोलावलं. तिनं नाडी बघितली.

"सध्या जेवणानंतर अशी शांत पडते," ती म्हणाली. "उन्हाळा आहे."

"रोज?"

"रोज नाही." तिनं आठवून बघितलं. "परवा, मंगळवारी पडली होती. त्याआधी गेल्या गुरुवारी."

मी बसून राहिलो. पाचच्या सुमाराला, म्हणजे बेट शहरातून बंद करतात तेव्हा, नोलानं लांब श्वास घेतला आणि हात पुन्हा पांघरुणाची कड शोधायला लागले.

ऊन असेल. गोळ्या असतील. मी घरी जाऊन थंड बिअर प्यायलो आणि स्वतःला हे दोनचार वेळा सांगितलं.

पुढच्या मंगळवारी शहरात काही बिघडलं आणि दुरुस्तीसाठी बेट उघडलंच नाही. मी दुपारी नोलाकडं गेलो तर ती उशीला टेकून बसली होती. पॉला तिला लॅमिंग्टन केक भरवत होती आणि ती खात होती, खोबऱ्याचा चुरा हनुवटीवर. माझ्याकडं बघून म्हणाली, "बटण तुटलंय तुमचं." किती महिन्यांनी सबंध वाक्य ऐकलं मी. शर्टाचं बटण खरंच तुटलेलं होतं.

त्यानंतर मी ऊन आणि गोळ्या सोडून दिल्या. ती दोन ठिकाणी पुरत नव्हती. तिकडं असली की इकडं नसायची.

६

आता माझ्या मनात काय होतं ते सांगतो, कुणाला आवडो न आवडो. मी ते बेट बंद पाडायला हवं होतं. शहरात जाऊन आरडाओरडा करायला हवा होता. सांगणार काय होतो, हा भाग वेगळा. पण मी गुरुवारी खुर्ची घेऊन ग्लेनिसच्या स्क्रीनसमोर बसलो, आणि पुढच्या मंगळवारीही बसलो.

कारण ती ताठ उभी होती. तिची पाठ वाकायच्या आधीची. पुस्तक उचलताना कोपर बाहेर काढायची सवय, पुस्तकांची ओळ संपली की एका पायावरून दुसऱ्यावर जाणं. मातीची बाहुली, कपडे नाहीत, केस नाहीत, आणि तरी तीच. आठवड्यागणिक ती माती थोडी थोडी भरत होती. एकदा मानेवर केस आले. एकदा कानामागं अडकवलेली पेन्सिल. चेहरा कधी दिसला नाही. ग्लेनिस आपली बाहुली फिरवून पुढच्या बाजूला न्यायची तर ती नेमकी कपाटाकडं वळायची.

"खूश आहे ती," ग्लेनिस एकदा म्हणाली.

"खूश असेल," मी म्हणालो. "पण तिकडं तिच्या घशात पाण्याचा घोट जात नाहीये."

कारण परत यायला तिला उशीर व्हायला लागला होता. आधी बेट बंद झालं की यायची. मग दिवेलागणी. मग एकदा दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली, मी तिथंच खुर्चीत, मान आखडलेली, आणि पॉला दारात उभी राहून म्हणाली, "क्लॅरी, डॉक्टर म्हणतात तू मनाची तयारी कर."

मी डॉक्टरला काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

७

मी आत जायचं ठरवलं. माझा तो विमावाला उघडला. चालवता येईना. पायरीला अडकला, कपाटात घुसला, मग नाचायला लागला.

"हे कोण नाचवतंय याला?"

"तुम्हीच," लिगाया म्हणाली. "कोपर काढा बटणावरून."

कसाबसा काउंटरपाशी नेला. ती पाठमोरी होती. मी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नोला घरी चल.' ते शब्द त्या पिवळ्या केसांच्या गड्याच्या डोक्यावर उमटले.

टक टक थांबलं.

डबीतून नुसती हवा वाहिल्यासारखा आवाज येत राहिला. एखाद्या खोलीत कुणी नसलं की येतो तसा. मग तिच्या डोक्यावर शब्द आले.

'कार्ड आहे का?'

ग्लेनिसनं तोंडावर हात ठेवला.

मी लिहिलं, 'मी क्लॅरी.'

'कार्ड नसेल तर इथं राहत असल्याचा पुरावा लागेल.' मग थोड्या वेळानं, 'बसून वाचायला हरकत नाही.'

ती अशीच होती. नियम म्हणजे नियम, आणि मग खुर्ची पुढं करायची. मी तिथून उठलो, मागच्या मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले.

परत आलो तेव्हा दोघी माझी वाट बघत होत्या. ग्लेनिसच्या हातात मुख्य ऑफिसचा निरोप होता. शिकवणी संपली. बेटाचं भाडं पुढं भरणार नाहीत. येत्या गुरुवारी पाच वाजता ते कायमचं बंद होईल आणि त्यावरचं सगळं पुसलं जाईल.

"तोपर्यंत ती बाहेर आली नाही तर?" लिगायानं विचारलं.

ग्लेनिसनं माउस जवळ ओढला.

"मी तिचं नाव काढून टाकते," ग्लेनिस म्हणाली. "आत्ता. सोडून गेली असं लिहिते. मग बाहुली जाईल आणि ती मोकळी होईल."

"कशातून मोकळी?" मी विचारलं. "इकडं यायला, की दोन्हीकडून?"

तिचं बोट बटणावर होतं. ते तिनं काढून घेतलं आणि रडायला लागली. मी तिला पाठीवर थोपटलं. मला ते नीट येत नाही.

८

लिगाया म्हणाली, "लोलो, त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही यात त्यांचा काय दोष? असल्या माणसाला मी दारातसुद्धा उभं केलं नसतं."

मग बुधवारचा सगळा दिवस तिनं माझा बाहुला घडवला; त्याला बेट उघडं लागत नाही. मी समोर खुर्चीवर, आणि ती माझ्याकडं बघत बघत माउस फिरवतेय.

"टक्कल किती देऊ?"

"आहे तेवढं."

"नाक?"

"ते दोनदा मोडलंय. डावीकडं घे."

"पोट?"

"बेतानं."

"आहे तेवढं," ती म्हणाली. कान लोंबवले, गुडघे वाकवले, शर्टाचं एक बटण काढून टाकलं. डोक्यावर घामाचे डाग पडलेली माझी टोपी बसवली. शेवटी तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. एक चिडका म्हातारा माझ्याकडं बघत होता.

"हा मी दिसतो असा?"

"हा त्यातल्या त्यात बऱ्या दिवशीचा."

ग्लेनिस लांबून बघत होती. "फारच हुबेहूब झालाय," ती म्हणाली. तिला ते आवडल्यासारखं वाटलं नाही.

एक गोष्ट ठरवायची राहिली होती. गुरुवारी मी कुठं बसायचं? स्क्रीनपुढं बसलो तर खाटेशेजारी कोणी नाही. ती परत आली आणि शेजारी कोणी नसलं तर? किंवा परत आलीच नाही, आणि शेवटच्या श्वासालाही शेजारी कोणी नसलं तर? मी लिगायाला म्हणालो, "तू चालव त्याला. मी नोलाकडं बसतो."

"मी काय लिहू त्यांना?"

"काही लिहू नकोस. नुसता जाऊन उभा राहू दे. बोललो की मी बिघडवतो."

९

गुरुवारी ऊन असं होतं की तारेवरचे गुलाबी काकाकुवेसुद्धा चोची उघड्या ठेवून गप्प बसले होते. मी नोलाचा हात हातात घेऊन बसलो. कागदासारखा. श्वास इतका सावकाश की दोन श्वासांच्या मध्ये मी दर वेळी उठायच्या बेतात यायचो.

खिडकीतून लायब्ररीची मागची भिंत दिसत होती. त्या भिंतीआड एक म्हातारा पायरी चढून आत जात असेल. मी नोलाशी बोलत होतो. काय बोलत होतो ते काही मोठं नव्हतं. गाडीचा क्लच बदलायला झालाय. मोठ्या टाकीत पाणी कमी आहे. तुझ्या गुलाबाला मी रोज पाणी घालतो, पण तो मरणार असं दिसतंय.

मग एकदम मला दमल्यासारखं झालं. झोप नव्हे. एखादी जड पेटी उचलून दुसऱ्याच्या हातात द्यावी आणि आपले हात हलके होऊन नको तेवढे वर यावेत, तसं. खोली थोडी लांब गेली. कूलरची घरघर ऐकू यायची थांबली.

नोलाच्या बोटांनी माझं बोट धरलं.

तिनं डोळे उघडले. ती उठून बसली, कुणी हात न देता. खोलीभर बघितलं, पाण्याचा पेला बघितला, तो घेऊन सगळा प्यायली.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"नोला."

"क्लॅरी आला होता न्यायला." ती पेल्याच्या तळाकडं बघत होती. "म्हणाला, तू हो पुढं, मी आवरून येतो. त्याला काय आवरता येतंय? पण ऐकेल तर शपथ. मला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली."

"मी क्लॅरी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, नाकाकडं, टकलाकडं, शर्टाकडं. मग हसली. वेड्या माणसाचं मन राखायला हसतात तसं.

"नाही हो," ती म्हणाली. "तो तिथं राहिला."

१०

पटांगणातून ग्लेनिस आणि लिगाया आल्या. डोक्यावर टोप्या नव्हत्या, भर उन्हात, आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. नोला पॉलाच्या हातून टोस्ट खात होती. त्या दारातच थांबल्या.

"लोलो," लिगाया म्हणाली, "मी तुम्हाला पायरीपर्यंत नेलं. तेवढंच. पुढं माझं ऐकलं नाही त्यानं. मी हात वर घेतले होते, विचारा ग्लेनिसला."

ग्लेनिसनं मान हलवली.

"तो काउंटरमागं गेला. टोपी काढली. त्या वळल्या."

"चेहरा दिसला?"

"दिसला."

"तिचाच होता?"

लिगायानं खाटेकडं बघितलं. नोला टोस्टची कड बाजूला काढत होती. लिगायानं छातीवर क्रूसाची खूण केली, मी तिला तसं करताना कधी बघितलं नव्हतं.

"मग?"

"मग त्या बाहेर गेल्या," ग्लेनिस म्हणाली. "आणि तो दारापाशी येऊन उभा राहिला, क्लॅरी. आतून. आमच्याकडं बघत. दात दाखवले नाहीत, हात हलवला नाही. तू गाडी निघताना बघतोस ना आरशात, सगळं बंद आहे की नाही, तसं बघितलं. आणि पाच वाजले, स्क्रीन काळा झाला."

११

आता थंडी पडायला लागली. बेट नाही. मुख्य ऑफिसनं त्यावरचं सगळं पुसलं, तसं पत्रही आलं.

नोला बरी आहे. बरी म्हणजे खुर्चीत बसते, हातानं खाते, पॉलाला नावानं हाक मारते. तिचे हात आता काही शोधत नाहीत. मला ती ओळखत नाही, पण मी आलो की खुर्ची सरकवते. क्लॅरी कधी येणार, हे मला रोज विचारते. मी म्हणतो, येईल, आवरतोय.

मी गाडी चालवत नाही. तीनचारदा ओळखीचं वळण चुकलो. एकदा गाडी गव्हाच्या रानात उभी केली आणि आपण इथं कशाला आलो ते आठवेना. ग्लेनिसनं चाव्या मागितल्या आणि मी दिल्या. डॉक्टर म्हणतो वय झालं. झालंच आहे. मी हे लिहून ठेवतोय ते अजून सगळं क्रमानं लागतंय म्हणून. दुपारी तेवढं लागत नाही. दुपारी मी लांब असतो.

काल नोला खिडकीशी बसली होती. संध्याकाळ झाली होती, पटांगणातले दिवे लागले नव्हते. तिनं विचारलं, "तो आहे तिथं अंधार पडतो का हो?"

"नाही," मी म्हणालो. "ऊन असतं. खिडकीतून येतं, जमिनीवर पडतं, आणि तिथंच राहतं. सरकत नाही."

"तुम्ही बघितलंय?"

"डोळे मिटले की दिसतं." मला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

तिनं बाहेर बघितलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "अंधाराला भितो तो. जन्मभर कधी कबूल केलं नाही. म्हणून बाहेरचा दिवा मी चालू ठेवून झोपायचे, आणि सकाळी म्हणायचे, विसरले."

सकाळी मी तिला रोज ओरडायचो त्या दिव्यावरून. पण ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती, आणि तिला ती कळली असेल हे मला काल तिच्या खुर्चीशेजारी बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.